पोटॅशियमची वाट मोजताना: केसीएसए वाहिनीची रचना स्वतः वाचण्याची रीत

प्राण्यांच्या बहुतेक पेशींच्या आत पोटॅशियमचे प्रमाण सुमारे १४० मिलिमोलर असते आणि बाहेरच्या द्रवात ते जेमतेम ४ ते ५ मिलिमोलर असते. सोडियमचे चित्र याच्या नेमके उलट असते. ही तफावत पेशीपटलातला सोडियम-पोटॅशियम पंप राखतो; एटीपी या पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या एका रेणूच्या मोबदल्यात तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. मज्जापेशीतील संदेश असो वा हृदयाचा ठोका, ही साठवलेली तफावत वापरायची झाली की पटलात पोटॅशियमसाठी वेगळी वाट लागते. ती वाट म्हणजे पोटॅशियम वाहिनी.

पाठ्यपुस्तकात या वाहिनीविषयी एक ओळ असते: ती निवडक असते आणि वेगवान असते. या एका ओळीत किती मोठे कोडे दडले आहे ते सहसा सांगितले जात नाही. सोडियम आयनाची (धन भार असलेल्या सोडियम अणूची) त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आहे आणि पोटॅशियमची १.३३. म्हणजे ही वाहिनी मोठ्याला जाऊ देते आणि लहानाला अडवते, तेही हजारात एखादाच सोडियम चुकून सुटेल इतक्या काटेकोरपणे. एवढी पारख करणारी यंत्रणा संथ असावी असे वाटते, पण अनुकूल परिस्थितीत एका वाहिनीतून सेकंदाला जाणाऱ्या आयनांची संख्या दहा कोटींच्या घरात पोहोचते. चाळणीची उपमा इथे निरुपयोगी आहे, कारण चाळणी लहानाला कधीच अडवत नाही.

या कोड्याचे उत्तर वाचून जितके समजते त्याच्या कितीतरी पट ते स्वतः मोजून समजते, असा माझा शिकवण्याचा अनुभव आहे. म्हणून हा लेख मोजण्याची रीत सांगतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. संगणक, इंटरनेट, शक्यतो माउस आणि आकडे टिपायला वही एवढे पुरते. दोन ते तीन तास सलग हाताशी असावेत.

कोणती रचना घ्यावी

आपण घेणार आहोत ती वाहिनी माणसाची नसून स्ट्रेप्टोमायसेस लिव्हिडान्स या मातीतल्या जिवाणूची आहे. तिचे नाव केसीएसए. रॉडरिक मॅकिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तिची रचना क्ष-किरण स्फटिकमितीने उलगडली आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मॅकिनन यांना पीटर आग्रे यांच्यासोबत मिळाले. जिवाणूची वाहिनी घेण्यामागे कारण आहे. पोटॅशियम ओळखणारा तिचा भाग आपल्या मज्जापेशींतील आणि हृदयातील वाहिन्यांच्या त्याच भागाशी जवळजवळ अमिनो आम्लागणिक जुळतो. शिवाय ती आटोपशीर आहे: १६० अमिनो आम्लांची एक साखळी, आणि अशा चार सारख्या साखळ्या एकत्र येऊन मधोमध एक वाट तयार होते.

१९९८ च्या रचनेचे विभेदन, म्हणजे चित्रात किती बारीक तपशील वेगळा दिसतो त्याचे माप, ३.२ अँगस्ट्रॉम होते; हा आकडा जितका लहान तितके चित्र स्पष्ट. त्या विभेदनाला साखळीचा मार्ग दिसतो, पण आयनाभोवतीचे पाण्याचे रेणू खात्रीने दाखवता येत नाहीत. आपल्याला अंतरे मोजायची आहेत, म्हणून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली २.० अँगस्ट्रॉम विभेदनाची रचना घ्यावी. प्रथिनांच्या रचनांचा खुला संग्रह असलेल्या प्रोटीन डेटा बँकेतील तिचा क्रमांक १के४सी आहे; शोधाच्या चौकटीत तो रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत सलग टाइप करावा. सोबत १के४डी ही रचनाही वेगळ्या टॅबमध्ये उघडून ठेवावी, तिचे काम पुढे पडेल. पानावर त्रिमितीय दृश्याचा टॅब असतो आणि तिथे मोल-स्टार हे दर्शक ब्राउझरमध्येच चालते. पुढचे जवळजवळ सगळे काम त्यात होते. ज्यांना नियमित काम करायचे आहे त्यांनी कायमेरा-एक्स किंवा पायमॉल ही रचना पाहण्याची सॉफ्टवेअर बसवून घ्यावीत.

पहिली पायरी: संपूर्ण वाहिनी डोळ्यांसमोर आणणे

बहुतेक नवखे इथेच अडतात, म्हणून या पायरीला घाई करू नये. स्फटिकाच्या फाइलमध्ये सगळ्या अणूंची नोंद नसते. स्फटिकात जो तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तेवढाच नोंदलेला असतो. १के४सी मध्ये तो तुकडा म्हणजे वाहिनीची एकच साखळी आणि तिला चिकटलेला प्रतिपिंडाचा एक खंड. चार साखळ्यांची पूर्ण वाहिनी ही स्फटिकाच्या चौपट सममितीतून उभी करावी लागते. मी ही फाइल पहिल्यांदा दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा एकाच साखळीत वाट शोधण्यात बराच वेळ गेला. वाट चार साखळ्यांच्या मध्ये असते. एका साखळीत ती असूच शकत नाही.

म्हणून दर्शकाच्या उजव्या पट्टीत रचनेचा प्रकार तपासावा. तिथे 'मॉडेल' निवडलेले असेल तर 'असेम्ब्ली १' निवडावे. आता चार साखळ्या दिसतील आणि त्यांच्या एका टोकाला, पटलाबाहेरच्या बाजूला, प्रतिपिंडाचे चार मोठे खंड लटकलेले दिसतील. हे खंड वाहिनीचे भाग नाहीत. पटलातील प्रथिनांचे चांगले स्फटिक मिळणे अवघड असते आणि प्रतिपिंडाच्या खंडामुळे स्फटिकात घट्ट संपर्क तयार होतात, म्हणून ते मुद्दाम जोडले होते. त्यांच्या ए आणि बी या साखळ्या लपवून फक्त सी साखळी आणि तिच्या प्रती ठेवाव्यात. चरबीच्या रेणूचे काही तुकडेही दिसतील. ते राहू द्यावेत, कारण पटल कुठे आहे याची ते जाणीव देतात.

आता वाहिनी बाजूने पाहावी. उलट्या धरलेल्या शंकूसारखा आकार दिसतो: वरचे, म्हणजे पेशीबाहेरचे तोंड रुंद आणि खालचे, पेशीच्या आतले, निमुळते. प्रत्येक साखळीत पटल ओलांडणारी दोन लांब हेलिक्स (साखळीचे मळसूत्रासारखे गुंडाळलेले भाग) आहेत, एक बाहेरच्या बाजूला आणि एक वाटेला लागून. त्या दोहोंच्या मध्ये एक आखूड हेलिक्स तिरके उतरते आणि वाहिनीच्या मध्यापाशी थांबते. तिथून साखळी वळून वाटेच्या अगदी कडेने पुन्हा वर जाते. हा वर जाणारा पाच अमिनो आम्लांचा धागा म्हणजे गाळणी. पुढचा अर्धा लेख या धाग्याविषयी आहे.

दुसरी पायरी: गाळणीतील पाच अमिनो आम्ले

अनुक्रमाच्या पट्टीत सी साखळी निवडून ७५ ते ७९ या क्रमांकांवर जावे. तिथे थ्रिओनिन, व्हॅलिन, ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन असा क्रम दिसेल. रचना दिसण्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात, एकेक अमिनो आम्ल बदलून पाहणाऱ्या प्रयोगांतून हा क्रम पोटॅशियम वाहिन्यांची ओळखखूण ठरला होता. त्यात फेरफार केला की वाहिनीची निवड बिघडते, हे तेव्हा कळले होते. का बिघडते, हे कळायला रचना यावी लागली.

हे पाच घटक निवडून त्यांचे अणू काड्या-गोळ्यांच्या स्वरूपात दाखवावेत. आता एक गोष्ट लक्ष देऊन पाहावी. अमिनो आम्लांच्या बाजूच्या शाखा वाटेपासून दूर, प्रथिनाच्या गाभ्याकडे वळलेल्या आहेत. वाटेकडे तोंड करून आहेत ते साखळीच्या कण्यातील कार्बोनिल ऑक्सिजन (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेले ऑक्सिजन), लाल रंगाचे, एकाखाली एक. फक्त तळाच्या थ्रिओनिनच्या बाबतीत बाजूच्या शाखेचा ऑक्सिजनही वाटेकडे येतो. प्रथिनाची किमया सहसा बाजूच्या शाखांत असते असे आपण शिकतो आणि इथे मात्र सगळे काम प्रत्येक अमिनो आम्लात असणारा कणाच करतो.

मग नेमका हाच क्रम कशाला हवा? उत्तर कोनांत आहे. १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह दाखवून दिले की साखळीच्या कण्यातील दोन कोन वाटेल तसे वळू शकत नाहीत. अणू एकमेकांवर आदळत असल्यामुळे काही मोजकीच क्षेत्रे मोकळी राहतात. सगळे कार्बोनिल ऑक्सिजन एकाच दिशेला वळायचे असतील तर साखळीला आळीपाळीने उजव्या आणि डाव्या वळणाचे कोन घ्यावे लागतात. डाव्या वळणाचे क्षेत्र बहुतेक अमिनो आम्लांना गैरसोयीचे असते, पण ग्लायसिनला बाजूची शाखा नसल्याने ते तिथे सहज बसते. कण्यातील हे दोन कोन फाय आणि साय या नावांनी ओळखले जातात; पायमॉलमधील फाय-साय ही आज्ञा चालवून पाहिली तर ७७ आणि ७९ या दोन्ही ग्लायसिनांचा फाय कोन धन आलेला दिसेल.

या तर्काची परीक्षा २००४ मध्ये अतिशय सुंदर रीतीने झाली. मॅकिनन आणि टॉम मुइर यांच्या गटांनी रासायनिक मार्गाने अशी वाहिनी तयार केली की तिच्यात ७७ व्या जागी ग्लायसिनऐवजी डी-अ‍ॅलानिन होते, म्हणजे निसर्गातील नेहमीच्या अ‍ॅलानिनचे आरशातले रूप. डाव्या वळणाचे कोन या रूपाला मानवतात. वाहिनी चालली आणि तिची निवडही टिकली. तिथे नेहमीचे अ‍ॅलानिन बसवले तर वाहिनी चालत नाही. रामचंद्रन आलेख केवळ रचना तपासण्याचे साधन म्हणून शिकवला जातो, याची मला खंत वाटते. हे उदाहरण प्रत्येक वर्गात सांगितले गेले पाहिजे.

तिसरी पायरी: अंतरे मोजणे

गाळणीच्या अक्षावर पोटॅशियमचे चार आयन एका रांगेत दिसतात. वरून खाली त्यांच्या जागांना एक ते चार असे क्रमांक आहेत. गाळणीच्या खाली, वाहिनीच्या पोटात, आणखी एक आयन दिसेल, तर वरच्या तोंडाशीही आयनांची नोंद आहे. मोजणीला क्रमांक दोनच्या जागेपासून सुरुवात करावी. आयनावर क्लिक केले की मोल-स्टार त्याच्या आसपासचे अणू आपोआप दाखवते. मग निवडीची पद्धत चालू करून आयन आणि जवळचा एक ऑक्सिजन निवडावा आणि मोजमापाच्या पट्टीतून अंतर घ्यावे.

दोनच्या जागेला वरून ग्लायसिन ७७ चे आणि खालून व्हॅलिन ७६ चे ऑक्सिजन लागून आहेत. प्रत्येक साखळीतून दोन, चार साखळ्यांतून आठ. ही आठही अंतरे वहीत लिहावीत. सममितीमुळे चारचार अंतरे सारखी येणारच, तरी ती मोजावीत, कारण पिंजरा डोळ्यांसमोर उभा राहतो तो याच वेळी. आकडे २.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतील. नंतर तीन क्रमांकाच्या जागी व्हॅलिन ७६ आणि थ्रिओनिन ७५ हे, तर चारच्या जागी थ्रिओनिन ७५ चेच कण्यातील चार आणि बाजूच्या शाखांतील चार ऑक्सिजन मोजावेत.

हे झाल्यावर गाळणीच्या खालच्या पोकळीत यावे. ही पोकळी सुमारे १० अँगस्ट्रॉम रुंद आहे, पाण्याने भरलेली आहे आणि पटलाच्या साधारण मध्यावर आहे. तिथल्या आयनाभोवती प्रथिनाचा एकही अणू टेकलेला नाही. त्याच्या भोवती पाण्याचे आठ रेणू आहेत, चार वर आणि चार खाली. आता पाण्याच्या त्या आठ ऑक्सिजनांची मांडणी आणि गाळणीतील आठ कार्बोनिल ऑक्सिजनांची मांडणी एकामागोमाग पाहावी. दोन्ही मांडण्यांत विलक्षण साम्य आहे. एका वर्गात हे मोजताना एक विद्यार्थिनी माउस सोडून म्हणाली, "मॅडम, हे तर पाण्याची नक्कल करतंय." गाभ्याची गोष्ट तिने स्वतः शोधली होती आणि मी त्यात एक शब्दही भर घातला नाही.

निवडीचे स्पष्टीकरण इथून सुरू होते. पाण्यातला आयन कधी उघडा नसतो. अरुंद गाळणीत शिरायचे तर त्याला पाणी सोडावे लागते आणि पाणी सोडायला ऊर्जा लागते. पोटॅशियमने पाणी सोडताच त्याच अंतरावर, तितक्याच संख्येने प्रथिनाचे ऑक्सिजन तयार असतात, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो. सोडियमला ऑक्सिजन २.४ अँगस्ट्रॉमच्या आसपास हवे असतात. शिवाय त्याचे पाणी सोडवायला पोटॅशियमपेक्षा मोलमागे सुमारे ७० किलोज्यूल अधिक ऊर्जा लागते. गाळणीत त्याला ती भरपाई मिळत नाही, म्हणून तो पाण्यातच राहणे पसंत करतो. लहान असणे हीच त्याची अडचण ठरते.

मात्र इथे थांबून पोटॅशियमच्या मापाची ताठ अंगठी असे चित्र मनात पक्के करू नये. आणखी एक मोजणी करावी: एकाच पातळीवरच्या, समोरासमोरच्या साखळ्यांतील दोन कार्बोनिल ऑक्सिजनांमधील अंतर. ते साडेचार ते पाच अँगस्ट्रॉमच्या दरम्यान येईल. याचा अर्थ ऑक्सिजनच्या अंगठीच्या मध्यापासून प्रत्येक ऑक्सिजनचे केंद्र सव्वादोन ते अडीच अँगस्ट्रॉमवर आहे. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना पोटॅशियमला नेमक्या या अंगठीतून जावे लागते आणि त्याला तर २.८ चे अंतर हवे असते. म्हणजे अंगठी थोडी फाकल्याशिवाय तो जाऊच शकत नाही. प्रथिनाचे अणू उष्णतेने सतत थरथरत असतात आणि त्या थरथरीतच ही वाट मिळते. अशा लवचीक गाळणीत निवड कशी टिकते, याचे उत्तर बेन्वा रू आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये संगणकी गणितातून मांडले: इतके ऋण ऑक्सिजन एका जागी दाटले की ते एकमेकांना दूर लोटतात आणि त्यांची ही आपसातली ढकलाढकलच सोडियमभोवती घट्ट मिठी पडू देत नाही. ताठ माप आणि ही ढकलाढकल या दोन्ही गोष्टींचा वाटा असतो असे मला वाटते, पण मोजलेले आकडे दुसऱ्या बाजूला अधिक झुकतात.

चौथी पायरी: चित्रात चार दिसतात, वाटेत दोन असतात

ही पायरी मोजणीची नसून वाचनाची आहे. स्फटिकातील चित्र असंख्य वाहिन्यांची सरासरी असते. गाळणीच्या चारही जागी आयन दिसतात, पण एका वेळी एका वाहिनीत साधारण दोनच असतात आणि प्रत्येक जागा सरासरीने अर्धी भरलेली असते. शिवाय आयन सममितीच्या अक्षावरच असल्याने 'असेम्ब्ली' उभी करताना प्रत्येकाच्या चार प्रती एकमेकींवर पडतात. यादीतली संख्या मोजून निष्कर्ष काढला तर तो चौपट चुकेल.

शेजारच्या दोन जागांमधले अंतर मोजले तर ते ३.३ अँगस्ट्रॉमच्या आसपास भरते. दोन धन आयन इतक्या जवळ आले तर त्यांच्यात जोराचे प्रतिकर्षण होते. २००१ च्या मूळ मांडणीनुसार आयन एक आणि तीन किंवा दोन आणि चार अशा जागी असतात व मधल्या जागी पाण्याचा रेणू असतो. या दोन स्थितींची ऊर्जा जवळपास सारखी असते. त्यामुळे खालून एक आयन शिरला की रांग एक घर पुढे सरकते आणि वरचा बाहेर पडतो. वेगाचे रहस्य इथे आहे: ऑक्सिजनचा पिंजरा आयनाला धरून ठेवण्याइतका अनुकूल आहे, आणि शेजारच्या आयनाचे प्रतिकर्षण त्याला तिथे रेंगाळू देत नाही. एकच आयन राहू शकेल अशी गाळणी असती तर तो तिथेच अडकला असता.

आयन रांगेने जातात याचा सुगावा १९५५ मध्येच लागला होता, जेव्हा हॉजकिन आणि कीन्स यांनी म्हाकूळवर्गीय प्राण्याच्या जाड मज्जातंतूत किरणोत्सारी पोटॅशियमची ये-जा मोजली. मात्र मधे पाणी असते की नाही यावर अजून एकमत नाही. २०१४ मध्ये जर्मनीतील एका गटाने संगणकी अनुकरणांच्या आधारे मांडले की आयन पाण्याविना, थेट एकमेकांना खेटून पुढे जातात; २०१६ मधील अवरक्त वर्णपटाच्या प्रयोगांनी पाण्याच्या बाजूने कौल दिला. विद्यार्थ्यांनी दोन्ही मांडण्या वाचाव्यात. पाठ्यपुस्तकातली आकृती शेवटचा शब्द आहे असे समजू नये.

पाचवी पायरी: पोटॅशियम कमी केले तर

आता १के४डी कडे वळावे. प्रथिन तेच, पण हा स्फटिक केवळ ३ मिलिमोलर पोटॅशियम असलेल्या द्रावणात ठेवलेला होता. १के४सी साठी ते २०० मिलिमोलर होते. कायमेरा-एक्समधील मॅचमेकरने दोन्ही रचना एकमेकींवर बसवल्या तर हेलिक्स जवळजवळ तंतोतंत जुळतात. फरक गाळणीच्या मध्यावर आहे. व्हॅलिन ७६ आणि ग्लायसिन ७७ पाशी धागा वळून गेला आहे, तिथले ऑक्सिजन वाटेकडे राहिलेले नाहीत, आणि आयन फक्त वरच्या व खालच्या टोकाच्या जागांवर आहेत. अशी गाळणी पोटॅशियम वाहून नेत नाही.

प्रथिनाची रचना आयनाला वाट देते, हे आपण गृहीत धरून चाललो होतो. इथे दिसते की मधल्या जागांवरचा आयन नसेल तर ती रचनाच टिकत नाही. पोटॅशियम हा वाटेवरचा प्रवासी आहे आणि तिचा आधारही. माझ्या मते या सबंध विषयातली ही सर्वांत महत्त्वाची जोडी आहे, आणि वेळ कमी असेल तर बाकीचे सोडून या दोन रचना शेजारी ठेवून पाहाव्यात.

सहावी पायरी: खालचे फाटक

आता वाहिनीच्या निमुळत्या, पेशीच्या आतल्या टोकाशी यावे. चार आतली हेलिक्स तिथे एकमेकांना छेद देऊन वाट बंद करतात. थ्रिओनिन १०७, अ‍ॅलानिन १११ आणि व्हॅलिन ११५ यांच्या शाखा तिथे आत येतात आणि त्या बव्हंशी जलविरोधी आहेत. पाण्यासकट येणाऱ्या आयनाला तिथे जागाही नाही आणि सोबतही नाही. १के४सी मधली वाहिनी, म्हणजे गाळणी उत्तम स्थितीत असूनही, बंद आहे. हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

समोरासमोरच्या दोन साखळ्यांतील थ्रिओनिन ११२ च्या अल्फा कार्बनांमधले (ज्या कण्यातील कार्बनला बाजूची शाखा जोडलेली असते त्यांच्यातले) अंतर मोजावे. बंद वाहिनीत ते सुमारे १२ अँगस्ट्रॉम येते. मग २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ३एफ५डब्ल्यू ही रचना उघडून, पुन्हा 'असेम्ब्ली' तपासून, तेच अंतर मोजावे. ते ३२ च्या आसपास येते. ग्लायसिन ९९ च्या जवळ हेलिक्स बिजागरीसारखे वाकून बाहेर झुकलेले दिसेल. नैसर्गिक वाहिनीत ही हालचाल आतल्या बाजूचा सामू घसरला की होते. हिस्टिडिन २५ वर धन भार येतो, ग्लुटामेट ११८ आणि १२० यांचा ऋण भार जातो, त्यांच्यातील जोड सुटतात आणि हेलिक्सच्या टोकांवरचे धन भार एकमेकांना दूर लोटतात. ३एफ५डब्ल्यू मध्ये वाहिनी उघडीच राहावी म्हणून यांपैकी काही अमिनो आम्ले मुद्दाम बदललेली आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आता या उघड्या रचनेत वर गाळणीकडे पाहावे. ती चिमटलेली आहे. खालचे फाटक पूर्ण उघडले की थोड्या वेळाने वरची गाळणी बंद होते. तिला निष्क्रियता म्हणतात. गाळणीच्या मागे ग्लुटामेट ७१, अ‍ॅस्पार्टेट ८० आणि ट्रिप्टोफॅन ६७ यांच्यात हायड्रोजन बंधांचे जाळे आहे आणि ते गाळणीला ताणून धरते. ग्लुटामेट ७१ काढून अ‍ॅलानिन बसवले तर ही निष्क्रियता जवळपास नाहीशी होते. वाटेला एकही अणू न लावणारे अमिनो आम्ल वाटेचा कालावधी ठरवते, हे १के४सी मध्ये त्या तिघांवर क्लिक करून मुद्दाम पाहावे.

सातवी पायरी: दुसऱ्या वाहिन्यांशी ताडून पाहणे

केसीएसए नीट वाचून झाली की तिच्या शेजारी बॅसिलस सेरियस या जिवाणूची एनएके ही वाहिनी ठेवावी. क्रमांक २एएचवाय, प्रसिद्धी २००६. तिच्या गाळणीत टायरोसिनच्या जागी अ‍ॅस्पार्टेट आहे. वरचा भाग मोकळा झाल्याने तिथे चारऐवजी दोनच जागा उरतात, आणि ही वाहिनी सोडियम व पोटॅशियम दोन्ही जाऊ देते. २०११ मध्ये तिच्यातील दोन अमिनो आम्ले बदलून चारही जागा परत मिळवल्या गेल्या आणि ती पोटॅशियम निवडू लागली. पिंजरा तसाच, जागांची संख्या मात्र वेगळी, आणि तेवढ्याने निवड बदलते. एका आयनाला मापात बसवणे एवढ्यावर निवड संपत नाही, रांगही लागते, असा याचा अर्थ मी घेते.

माणसाच्या आणि इतर सस्तन प्राण्यांच्या वाहिन्यांत हेच तर्क रोगापर्यंत पोहोचतात. वीव्हर नावाच्या उंदरांच्या जातीत चाल डगमगती असते आणि अनुमस्तिष्कातील पेशी मरतात. १९९५ मध्ये त्याचे मूळ जीआयआरके-२ या वाहिनीच्या गाळणीतील एका ग्लायसिनच्या जागी आलेल्या सेरिनमध्ये सापडले. निवड गेली आणि सोडियम आत शिरू लागले. माणसाच्या हृदयातील एचईआरजी वाहिनीत गाळणीच्या खालची पोकळी अनेक असंबद्ध औषधांना पकडते. तिथे टायरोसिन ६५२ आणि फेनिलअ‍ॅलानिन ६५६ वाटेकडे वळलेले आहेत. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीवरचे औषध याच वाहिनीला अडवून हृदयाची लय बिघडवत असल्यामुळे बाजारातून गेले, आणि आज नवे औषध या वाहिनीवर तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. २०१७ मध्ये आलेली तिची रचना, क्रमांक ५व्हीए२, शीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळवलेली असून तिचे विभेदन ३.८ अँगस्ट्रॉम आहे. त्यामुळे तिच्यात पोकळीचा आकार जरूर पाहावा, पण आयन-ऑक्सिजन अंतरे मोजू नयेत.

आपल्या अभ्यासातल्या एखाद्या वाहिनीची प्रयोगातून मिळालेली रचनाच नसेल तर अनुक्रमावरून प्रथिनाच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकी प्रणालीच्या संग्रहातील भाकीत घेण्याचा मोह होतो. त्या संग्रहात बहुतेक नोंदी एकाच साखळीच्या असतात आणि त्यांत आयन, पाणी, पटल यांपैकी काहीच नसते. अशा वेळी आधी अनुक्रमात ग्लायसिन-टायरोसिन-ग्लायसिन, किंवा एचईआरजीसारखे ग्लायसिन-फेनिलअ‍ॅलानिन-ग्लायसिन, हा तुकडा शोधावा. त्याच्या अलीकडच्या दोन अमिनो आम्लांसह तो केसीएसएच्या ७५ ते ७९ वर बसवावा आणि दोन्ही ग्लायसिनांचे फाय कोन धन आहेत का ते पाहावे. ते नसतील तर त्या भाकितातील गाळणीवर कोणतेही अंतर मोजण्यात अर्थ नाही.